कवडीबावीची माफी

माझ्याबद्दल गावात असं बोललं जातं की मी शाळेतल्या पोरांना पढवून एका मोठ्या माणसाची भर कार्यक्रमात इज्जत काढली. हे साफ खोटं आहे. मला कुणाची इज्जत काढायची असली तर मी ती स्वतः काढतो, समोर उभा राहून. त्यासाठी मला पाचवीतल्या पोरीची गरज लागत नाही. ज्यांनी ज्यांनी माझ्याशी भाड्यावरून हुज्जत घातली आहे, त्यांना हे चांगलं ठाऊक आहे.

वडप्याला हायवेलगत माझं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे पत्र्याचा गाळा, एक टेबल आणि सतत वाजणारे मोबाइल. गोडाऊनमध्ये माल पडून असतो, बाहेर ट्रक रिकामे उभे असतात, मी दोघांची गाठ घालून देतो. पार्टीला भाडं कमी हवं असतं, गाडीवाल्याला जास्त, आणि दोघंही मला चोर समजतात. दिवसभर भांडायचं आणि संध्याकाळी घसा बसवून घरी जायचं, हा माझा धंदा. तो मला कुणी वडिलोपार्जित दिलेला नाही. शाळा सातवीत सुटली, तेव्हा याच हायवेवर ट्रकवाल्यांना चहा पोचवत होतो. ते लोक गाडीला नंबर लागेपर्यंत बसून असायचे आणि बसलेला ड्रायव्हर बोलतोच. कुठल्या घाटाला ते नाव का, कुठल्या गावाला वेस आहे पण भिंत नाही, कुठला पूल बांधणाऱ्यानं स्वतः कधी ओलांडला नाही. दोन ड्रायव्हर एकाच गावाच्या दोन वेगळ्या गोष्टी सांगायचे आणि खरी कोणती या विचारानं माझं डोकं फिरायचं. तिसरा भेटला की त्याला विचारायचो. तो तिसरीच सांगायचा. माझा इतिहास-भूगोल असा झाला. शाळेत मला ज्याचा कंटाळा यायचा, तेच चहाच्या किटलीपाशी फुकट मिळत होतं.

म्हणून आमच्या गावच्या मराठी शाळेच्या बाई खुर्च्यांसाठी मदत मागायला ऑफिसात आल्या, तेव्हा मी सौदा केला. खुर्च्या देतो, म्हटलं, पण त्यांच्यावर माझं नाव नको. त्याऐवजी शनिवारी सकाळच्या शाळेत मला एक तास द्या.

बाई गोंधळल्या. "तुम्ही काय शिकवणार?"

"शिकवणार काही नाही. गोष्टी सांगणार."

त्यांनी मान्य केलं. त्यांना वाटलं असेल, दोन शनिवार येईल आणि कंटाळेल. मी पावसाळ्यातही चुकवला नाही.

माझी पद्धत धंद्यातली होती. गोष्ट सुरू करायची, ऐन मोक्याला थांबायचं आणि पुढचं विकायला काढायचं. किंमत, एक प्रश्न. पण कुठलाही प्रश्न चालायचा नाही. "मग काय झालं?" असं कुणी ओरडलं की मी मान हलवायचो. हा चालू माल आहे, नाक्यावर ढिगानं मिळतो, दुसरा काढ. "राजा मेला का?" यालाही भाव नाही. पोरं चिडायची, आपसात भांडायची, एकाचा प्रश्न दुसरा दुरुस्त करायचा. मी तोंड वाकडं करून बसायचो. गिऱ्हाईक जसं कापडाचा पोत बोटांनी चोळून बघतं तसा प्रश्न चोळून बघायचो. चांगला निघाला की गोष्ट पुढे जायची.

बाईंना एकच गोष्ट खटकायची. मी तात्पर्य सांगत नव्हतो. शाळेतल्या प्रत्येक गोष्टीखाली एक ओळ असते, तात्पर्य अमुक अमुक, आणि पोरं गोष्ट न वाचता तीच ओळ पाठ करतात. मी त्यांना म्हटलं, बाई, मी पार्टीला दारातच शेवटचं भाडं सांगितलं तर ती माझ्याशी बोलेल का? बोलणं तर त्याच्या आधीच व्हायचं असतं. म्हणींचंही तसंच. वहीत डावीकडे म्हण, उजवीकडे अर्थ, मधे रेघ ओढली की मार्क. मी रेघ ओढू द्यायचो नाही. ही म्हण पहिल्यांदा कोण बोललं असेल, बाई की बाप्या, आणि त्या दिवशी त्याचं काय बुडालं होतं, एवढं सांगा. एकदा एका म्हणीवरून वर्गात सासू-सुनेचं असं भांडण रंगलं की शेजारचा वर्ग खिडकीत येऊन उभा राहिला. बाई हसल्या होत्या त्या दिवशी. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे त्यांना ते आठवलं नाही.

त्या वर्गात एक पोर होती. बाप गोडाऊनमध्ये हमाली करतो, उत्तरेकडचा. आई दुपट्टा सावरत रोज शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला यायची. घरात हिंदी, शाळेत मराठी, आणि रागावली की पोर दोन्ही एकदम बोलायची. तिचा प्रश्न मी कधी परत केला नाही. करताच यायचा नाही.

मी एकदा खाडीवरून मीठ भरून घाटावर जाणाऱ्या बैलांच्या तांड्याची गोष्ट सांगत होतो. आपल्या याच रस्त्यानं ते जायचे, सडक नव्हती तेव्हा. तांडा चढाच्या आधी थांबला, इथं मी थांबलो. सगळ्यांना चोर हवे होते, वाघ हवा होता. ही म्हणाली, "काका, इतके बैल होते तर ते पाणी कुठं प्यायचे?"

मी टेबलावर थाप मारली. हाच प्रश्न. ते प्यायचे कवडीबावीवर.

सगळा वर्ग हसला. कारण त्यांना माहीत होता तो कवडीभाव. हायवेवरून गावाकडे वळताना जो नाका लागतो, तिथं पंक्चरवाल्यानं रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली आहे, कवडीभाव नाका. ड्रायव्हर एकमेकांना फोनवर सांगतात, कवडीभाव पे आ जा. मोबाइलच्या नकाशावरही तेच. बाहेरून आलेल्या माणसाला बाव म्हणजे काय ते कळत नाही, भाव मात्र कळतो. मग त्यांनीच त्याला जोडून किस्सा तयार केला, की इथल्या एका अडाणी शेतकऱ्यानं कवडीमोलानं जमीन विकली म्हणून हे नाव. आणि आपल्या गावची नवी पोरंही आता तेच सांगतात. आमच्या बोलीत बाव म्हणजे विहीर. दगडी बांधणीची बाव होती ती, मी तिचं पाणी प्यायलो आहे. आता तिच्यावर गोडाऊन आहे.

अर्ध्या पोरांच्या बापांची हाजिरी त्याच गोडाऊनमध्ये लागत होती.

"पण मग कवडी कशाला?" पोर म्हणाली.

मला माहीत नव्हतं. मी सगळ्यांना सांगितलं, घरी विचारून या. पुढच्या शनिवारी पोरं माल घेऊन आली. एकाच्या आजीनं सांगितलं, एके काळी कवडी नाण्यासारखी चालायची आणि दुष्काळात घागरीमागे कवडी द्यावी लागायची. दुसरा म्हणाला, नव्या नवऱ्या पहिल्यांदा पाणी भरायला यायच्या तेव्हा बावीत कवडी टाकायच्या. तिसऱ्याच्या चुलत्याच्या मते तांडेवाले थांबले की कवड्यांचा जुगार चालायचा. मी एकही खोटी म्हटली नाही, खरीही म्हटली नाही. पोर वैतागली. कुणाला तरी पक्कं ठाऊक असेलच ना, म्हणाली. मी म्हणालो, ज्यांच्या शेतात बाव होती, त्यांच्या घरी ठाऊक असणार.

एवढंच मी बोललो. याच्यापुढे एक अक्षर नाही.

ते शेत शेठचं, गावातल्या मोठ्या असामीचं. शाळेला पंखे दिले, पत्रे दिले, प्रत्येक पंख्यावर नाव. झेंडावंदनाला दरवर्षी प्रमुख पाहुणे तेच. आता शेठची दुखरी जागा सांगायला हवी. गावात जमीन विकणारे पहिले तेच. सडक रुंद होणार याची कुणकुण होती, मी तेव्हा नुकता दलाली शिकत होतो, त्यांच्या ओटीवर जाऊन म्हणालो होतो, दादा, पहिल्या बोलीला हो म्हणू नका, थोडं थांबा. ते म्हणाले, चहावाल्यानं चहा पोचवावा. आणि पहिल्या बोलीला बावीसकट शेत दिलं. नंतर ज्यांनी विकलं त्यांनी कितीतरी जास्त घेतलं, त्यातल्या काहींच्या वतीनं बोलायला मी बसलो होतो. शेठकडे बाकीची जमीन होती, तिच्यावर त्यांनी गाळे काढले, चाळी काढल्या, कमी काही पडलं नाही. पण नाक्यावरची ती पाटी रोज डोळ्यांपुढे येते. ते तिकडून जाताना गाडीची काच वर करतात.

त्या वर्षी झेंडावंदनानंतर शेठचं भाषण झालं. शेवटी त्यांनी हौसेनं विचारलं, कुणा बाळाला काही विचारायचं आहे का? दरवर्षी विचारतात, दरवर्षी कुणी उठत नाही. या वर्षी पोर उठली. बाईंनी तिच्या हातात माइक दिला. तो माइक कसा, तर प्रत्येक शब्दात एक जादा श्वास भरणारा.

"साहेब, कवडीबाव तुमचीच होती ना? ती कवडीची कशी झाली?"

कर्ण्यातून बाव गेली ती भाव होऊन बाहेर पडली. मागे पालक उभे होते, ड्रायव्हर होते, दोन पंचायतीवाले होते. आधी एक हसला, मग सगळे. हसू एवढं मोठं होतं की पोरही हसली, तिला वाटलं आपला प्रश्न आवडला. शेठ खाली बसले. झेंड्याखालची फुलं उडत होती, त्यांच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बोलावलं. शाळेच्या ऑफिसात शेठ होते आणि दाराशी पोरीची आई. ती उंबरठ्याच्या आत पाऊल टाकत नव्हती. का ते मला माहीत होतं, त्यांची खोली शेठच्या चाळीत आहे.

मी सगळं सांगितलं. बाव, तांडा, पाणी, घरोघरची उत्तरं. शेठ ऐकत होते का नव्हते, कळलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "तू इतकी वर्सं वाट बघत होतास. आता पोरीच्या तोंडून बोललास."

"दादा, ती बावीबद्दल विचारत होती."

"मी भयरा न्हाय. पोर सोमवारी परिपाठाला सगळ्यांसमोर माफी मागंल."

बाई टेबलावरचा पेपरवेट फिरवत होत्या. आई घाईनं म्हणाली, "माँग लेगी, सेठजी. बच्ची है, जो बोलोगे बोल देगी." तिचं म्हणणं मी समजू शकत होतो. खोली गेली तर ती माणसं जाणार कुठं? पण मला त्या पोरीचं तोंड दिसत होतं. परिपाठाला, प्रार्थना आणि सुविचार यांच्या मधे, तिला उभं करणार आणि ती प्रश्न विचारल्याबद्दल माफी मागणार. त्यानंतर त्या शाळेत कोण तोंड उघडेल? आणि तिनं तरी का उघडावं?

मी भाव काढला. म्हणालो, पोरीची माफी घेऊन तुम्हाला काय मिळणार, गाव म्हणेल लहान लेकराला रडवलं. माझी घ्या. गावाला माहीत आहे मी कुणापुढे वाकत नाही. माझी माफी तुम्हाला जास्त शोभेल. बदल्यात पोरीला कुणी एक शब्द बोलायचं नाही, खोलीला हात लावायचा नाही आणि शनिवारचा तास चालू राहील.

शेठनी मान डोलावली. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला, तोही मी मंजुरीतच धरला. आमच्या धंद्यात मान डोलावली की गाडी लागते. मागाहून कुणी म्हणत नाही की कुठल्या शब्दाला डोलावली.

सोमवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. पोरांपुढे, पंख्यांच्या पात्यांवरच्या नावाखाली उभा राहिलो आणि म्हणालो की माझ्या शिकवण्यामुळे मान्यवर पाहुण्यांचा अवमान झाला, त्याबद्दल मी माफी मागतो. वाक्य बाईंनी लिहून दिलं होतं. माझ्या तोंडात अवमान हा शब्द त्याआधी कधी आला नसेल. शेठ खुर्चीवर, मी दिलेल्या खुर्चीवर, पाय पसरून बसले होते. मी गाडीवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या आहेत, एकदा कॉलर धरली गेली आहे, पण इतका संताप मला कधी आला नव्हता, आणि तो दाबून चेहरा सरळ ठेवायचा होता.

पहिल्या रांगेत पोर होती. बाहेर पडताना तिनं माझी बाही धरली. "काका, तुम्ही काय केलं?"

पहिल्यांदा मी तिच्या प्रश्नाला काही दिलं नाही. हात सोडवून निघून गेलो.

पुढच्या शनिवारी शाळेत गेलो तर वर्गात बाई. फळ्यावर मूल्यशिक्षण. एकेक गोष्ट वाचायची, तात्पर्य वहीत लिहायचं. मी दारात उभा. बाई बाहेर आल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या, वरून सूचना आहे, बाहेरच्या व्यक्तीला तास देता येत नाही. वरून म्हणजे कुठून, मी विचारलं. मला इथं नोकरी करायची आहे हो, म्हणाल्या. त्यांच्यावर ओरडून काय करणार होतो? तरी ओरडलो. ओरडलो ते पोरांनी ऐकलं, आणि तेही आता माझ्या नावावर लागलं आहे.

तिथून तडक नाक्यावर गेलो. शेठ सकाळी चहाच्या टपरीवर असतात, पाटीकडे पाठ करून. चार-सहा ओळखीचे होते. मी बसलोही नाही.

"दादा, आपलं काय ठरलं होतं?"

"काय ठरलं होतं?" त्यांनी कप खाली ठेवला. "तू माफी मागतलीस, मी पोरीला सोडली. खोली हाय तशी हाय. फिटली बात."

"आणि तास?"

"तासाचं मी कुठं बोललो? मी मास्तर हाय का? ते शाळेचं."

टपरीवाला चहा गाळता गाळता थांबला. मी म्हणालो, मग सौदा मोडला. माझी माफी मला परत द्या. उद्या इथंच चार माणसांत सांगतो की माझं काही चुकलं नव्हतं, पोरीचं नव्हतं आणि प्रश्नाचंही नव्हतं.

एकजण हसला, म्हणाला, अरे माफी काय ट्रकची ताडपत्री आहे परत द्यायला. शेठ हसले नाहीत. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. मोठ्या भावानं सांगावा तसा, खांद्यावर हात ठेवून.

"घे की परत," ते म्हणाले. "तुझा माल हाय. तू घेतलीस की सोमवारी पोरीला उभी करतो."

इतक्या वर्षांत मी असंख्य माणसांशी घासाघीस केली. कापडवाले, केमिकलवाले, पोर्टावरचे एजंट, सगळे. कुणी मला असं बांधलं नव्हतं. ज्या माणसाला पहिली बोली नाकारता आली नाही, तो माझ्याकडून शिकला की काय कोण जाणे. मी चारी बाजूंनी बघितलं. तास मागायला गेलो तर पोर जाते. माफी मागे घ्यायला गेलो तर पोर जाते. त्यांनी माझी माफी तारण ठेवून घेतली होती आणि मी ती स्वतः त्यांच्या हातात नेऊन दिली होती.

"राहू द्या तुमच्याकडे," मी म्हणालो आणि चहा न घेता निघालो.

मागून कुणीतरी म्हणालं, बघा, कसा गार झाला. मी गार झालेलो नाही. हे लिहितानाही नाही. गावाला वाटतं मी चुकलो म्हणून गप्प आहे, आणि त्यांना खरं सांगायची सोय नाही, कारण खरं सांगणं म्हणजेच माफी परत घेणं. म्हणून नावं न घेता हे इथं लिहितो आहे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील आणि ओळखून काही करू शकणार नाहीत, इतपत हिशेब मी केला आहे.

पोर शाळेत जाते. तिची खोली आहे तिथंच आहे. परिपाठाला तिला कुणी उभं केलेलं नाही आणि मी जिवंत असेपर्यंत कुणी करणार नाही. तेवढं एक मी विकत घेतलं. महाग पडलं. ती रस्त्यानं जाताना ऑफिसकडे बघते. आई तिचा हात ओढून तिला पुढे नेते, आणि मी त्या आईला दोष देत नाही.